नाकातून छातीत उतरेपर्यंतचे चार दिवस

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका सूनबाईंचा प्रश्न आहे. सासूबाई ५८ वर्षांच्या. पंधरा वर्षांपासून दमा, आता डॉक्टरांनी कागदावर ‘सिव्हिअर’ असं लिहिलंय. गेल्या दोन पावसाळ्यांत तीनदा ॲडमिट. दरवेळी क्रम तोच: आधी पाच वर्षांच्या नातवाचं नाक गळतं, दोन दिवसांनी आजीचं, आणि आठवड्याच्या आत आजी ऑक्सिजनवर. घरात असं घाटतंय की नातवाला जून ते सप्टेंबर साताऱ्याला आजोळी ठेवावं. घरधन्यांचं म्हणणं, कपाटात अँटिबायोटिक आणून ठेवावं. आणि एक शंका: डॉक्टरांनी सुचवलेलं महागडं इंजेक्शन घेतलं तर उरलीसुरली प्रतिकारशक्तीही जाईल का?

ताई, नातवाला साताऱ्याला पाठवू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात जड प्रश्न तोच वाटला. पोरगं नसलं तर विषाणू भाजीवाल्याकडून येईल, पीएमपीच्या बसमधून येईल, लग्नाच्या पंगतीतून येईल. आणि आजारी माणसाच्या घरातून नातू उचलला की माणूस औषधं घ्यायचाही कंटाळा करतो, हे मी पाहिलंय.

नातवाला आणि आजीला होणारा विषाणू बहुतेक वेळा एकच असतो. दम्याच्या अटॅकमागे सर्वांत जास्त वेळा सापडतो तो ऱ्हायनोव्हायरस, म्हणजे साध्या पडशाचा. त्याचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून त्यावर लस नाही आणि ‘मागच्या महिन्यातच तर झाली होती सर्दी’ या म्हणण्याला अर्थ नाही. त्याखेरीज इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएन्झा, आणि आता कोविडचा विषाणूही त्याच रांगेत. शाळकरी मुलांच्या दम्याच्या अटॅकपैकी दहातल्या आठांच्या वेळी कुठला ना कुठला विषाणू सापडतो. मोठ्यांत प्रमाण थोडं कमी, पण यादीत पहिला नंबर विषाणूचाच. आइस्क्रीम, केळं, दही, लिंबू यांच्यावर आपल्याकडे जेवढे आरोप होतात त्यातले बरेचसे त्यांच्यावर अन्याय करणारे आहेत. केळं खाल्लं त्याच्या आधीच विषाणू शिरलेला असतो.

ऱ्हायनोव्हायरसला ३३ ते ३५ अंशांचा गारवा मानवतो. त्यामुळे तो नाकातच राहतो, छाती त्याला गरम पडते, असं पूर्वी मानत. पुढे श्वासनलिकांच्या अस्तराचे तुकडे तपासले तेव्हा कळलं की हा पाहुणा खालीही जातो. निरोगी माणसाच्या अस्तरातल्या पेशींना त्याची चाहूल लागली की त्या इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडतात. शेजारच्या पेशी दारं लावून घेतात आणि विषाणू चारपाच दिवसांत आटोक्यात येतो. बऱ्याच दमेकऱ्यांच्या अस्तरात ही हाक उशिरा आणि क्षीण निघते. दारं उघडी राहतात, विषाणू जास्त वाढतो.

पण नुसता विषाणू जास्त वाढला एवढ्यानं कोणी ऑक्सिजनवर जात नाही. दुखावलेलं अस्तर टीएसएलपी, आयएल-३३ असे धोक्याचे निरोप सोडतं. ज्यांच्या श्वासनलिकांत ॲलर्जीची सूज आधीपासून मुरलेली आहे, त्यांच्यात हे निरोप नेमके त्याच सुजेला खतपाणी घालतात. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, नळीचा स्नायू आवळतो, आणि चिकट कफाची बुचं लहान नळ्यांत बसतात. सासूबाई म्हणत असतील, ‘वाफ घेतली की आधी मोकळं व्हायचं, आता होत नाही.’ नेब्युलायझरमधलं औषध आवळलेला स्नायू सैल करतं. सूज आणि कफाची बुचं त्याला बधत नाहीत, तिथे स्टिरॉइडच लागतं, आणि त्याला परिणाम दाखवायला काही तास जावे लागतात. म्हणून वाफेवर वाफ घेत रात्र काढणं धोक्याचं.

याच कारणासाठी विषाणू आणि ॲलर्जी जोडीनं आले की दोन अधिक दोन चार होत नाहीत, सात होतात. पुण्यात ही जोडी जमायला पावसाळा उत्तम. भिंतींना ओल, कपाटामागे बुरशी, आणि ऑगस्टपासून मोकळ्या प्लॉटवर फुललेलं गाजरगवत. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं तेही १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच. त्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. सासूबाईंच्या तीन ॲडमिशनच्या तारखा काढून बघा, बहुधा शाळा उघडल्यानंतरच्या काही आठवड्यांत निघतील. उत्तर अमेरिकेत हेच सप्टेंबरात होतं. सुट्टी संपून शाळा भरली की दोनअडीच आठवड्यांनी दम्याच्या मुलांची रुग्णालयात रीघ लागते, इतकी नियमित की तिथे तो आठवडाच ठरून गेलाय.

आता माझा तुम्हाला उलट प्रश्न. एप्रिल-मे महिन्यांत सासूबाईंचा पंप चालू होता का?

माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त घरांत या प्रश्नावर जरा शांतता पसरते. पुण्याचा कोरडा उन्हाळा दमेकऱ्याला मानवतो. धाप लागत नाही, मग ‘कशाला उगाच सवय’ म्हणून रोजचा पंप बंद होतो. सूज मात्र तशीच मुरत असते. जूनमध्ये विषाणू येतो तेव्हा लाकडं रचून तयार असतात, तो फक्त काडी ओढतो. आणि नाव नातवाचं होतं.

‘सिव्हिअर’ या शब्दाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण तो फार सैल वापरला जातो. खरा सिव्हिअर दमा म्हणजे इन्हेल्ड स्टिरॉइडचा मोठा डोस आणि सोबत दीर्घकाळ काम करणारं नळ्या उघडणारं औषध, दोन्ही नियमित आणि योग्य पद्धतीनं घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा डोस कमी करताच बिघडतो तो. असे लोक एकूण दमेकऱ्यांत शंभरात तीन-चार. बाकी पुष्कळांचा दमा अवघड दिसतो, कारण औषध पोटात किंवा जिभेवर जातं, छातीत जात नाही. म्हणून पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. पंधरा वर्षं पंप घेणाऱ्या बाईंनीही. मी एका निवृत्त मास्तरांना रोटाहेलरमध्ये कॅप्सूल न फोडता ओढताना पाहिलंय, चार वर्षं तसंच चाललं होतं. शिवाय रक्तातले इओसिनोफिल, आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि ॲस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी तपासलीय का हे विचारा. आपल्याकडच्या हट्टी दम्यात ही बुरशी पुष्कळदा लपलेली असते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

समजा हे सगळं झालं आणि दमा खरोखरच सिव्हिअर निघाला. तर मग सर्दी इतरांपेक्षा जड जाण्याचं आणखी एक साधं कारण उरतं: शिल्लक कमी. फुंकण्याची ताकद मुळातच साठ टक्क्यांवर असलेल्या माणसाची वीस टक्के गेली तर चाळीस उरते आणि जिना चढवत नाही. नातवाची वीस टक्के गेली तरी तो सोसायटीच्या आवारात क्रिकेट खेळतोच. बरं व्हायलाही वेळ लागतो. नाक आठवड्यात कोरडं होतं, पण नळ्यांचा चिडखोरपणा चारसहा आठवडे टिकतो. पावसाळ्यात महिन्याला एक सर्दी झाली तर सासूबाई मधल्या काळात बऱ्या होतच नाहीत. तुम्ही तीन अटॅक मोजलेत, त्यातले एकाच पावसाळ्यातले मला कदाचित एकच लांबलेला अटॅक वाटतील.

आता मुद्द्याचं. अटॅक रात्रीत येतो असं वाटतं, पण पीक फ्लोचे, म्हणजे छोट्या यंत्रात जोरात फुंकून मोजलेल्या हवेच्या वेगाचे, आकडे रोज लिहिणाऱ्यांच्या वह्या पाहिल्या की वेगळं दिसतं. आकडा आधी चारपाच दिवस हळूहळू घसरतो, मग शेवटच्या दोनतीन दिवसांत धाडकन पडतो. नाक गळायला लागल्यापासून छाती आवळेपर्यंत बहुतेकांना तीन ते पाच दिवस मिळतात. ही खिडकी आहे, आणि आपल्याकडे ती काढा, खोकल्याचं औषध आणि ‘बघू उद्या’ यांत जाते.

माझ्याही हातून ती गेलेली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक भाजी विकणाऱ्या बाई सर्दीच्या तिसऱ्या दिवशी आल्या होत्या. छातीत थोडी घरघर, ताप नाही. मी अँटिबायोटिक आणि कफ सिरप लिहून दिलं, चार दिवसांनी या म्हटलं. दुसऱ्याच रात्री त्यांना स्ट्रेचरवर आणलं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर घरघरही ऐकू येईना, इतकी हवा बंद झालेली. वाचल्या, पण व्हेंटिलेटरवरून सुटायला सहा दिवस लागले. सर्दी झालेल्या दमेकऱ्याला मी आजही चार दिवसांनी बोलावत नाही, दुसऱ्या दिवशी फोन करायला सांगतो.

तर या खिडकीत काय करायचं, ते तुमच्या डॉक्टरांकडून आजच एका कागदावर लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. त्या कागदावर साधारण काय असावं ते सांगतो, आकडे मात्र त्यांनी भरायचे. सासूबाई बऱ्या असतानाचा पीक फ्लोचा सर्वोत्तम आकडा वर लिहायचा. नाक गळायला लागलं की सकाळ-संध्याकाळ फुंकून बघायचं. आकडा ऐंशी टक्क्यांखाली आला, रात्री खोकल्यानं जाग आली किंवा आरामाचा (धाप लागल्यावर घ्यायचा) पंप नेहमीपेक्षा जास्त लागला, की पंप वाढवायचा.

कुठला वाढवायचा हे त्यात काय आहे यावर ठरतं. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा असेल तर रोजच्या डोसखेरीज लागेल तेव्हा तोच जास्तीचा घेता येतो. प्रत्येक पफसोबत थोडं स्टिरॉइडही जातं, आणि या पद्धतीनं मोठे अटॅक कमी होतात. ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉलच्या पंपाचे दिवसभरात सगळे मिळून १२ पफ ही मोठ्यांसाठी वरची हद्द. सालमेटेरॉलचा पंप असेल, आणि आपल्याकडे तो पुष्कळांकडे असतो, तर तो असा वाढवून चालत नाही. रंग सारखे दिसतात म्हणून घोटाळा होतो, तेव्हा नाव वाचा. निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल फक्त नळी सैल करतं, सुजेला हात लावत नाही. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर पुढच्या अटॅकचा धोका वाढलेला आहे असं समजा. दुकानदार न विचारता देतो, म्हणून तुम्हीच मोजा.

आकडा साठ टक्क्यांखाली गेला, किंवा पंप वाढवूनही दोन दिवसांत उतार नाही, तर प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडची गोळी. मोठ्या माणसाला साधारण रोज ४० ते ५० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. ते कधी सुरू करायचं आणि किती, हे डॉक्टरांनी आधी लिहून दिलेलं असावं, आणि सुरू केल्याच्या दिवशी त्यांना कळवावं. मधुमेह असेल तर साखर तपासत राहायची. पण दरवेळी हीच गोळी हे उत्तर नव्हे. आयुष्यात असे चारपाच कोर्स झाले की हाडं, साखर, मोतीबिंदू यांचं बिल यायला लागतं. सासूबाईंचे आजवर किती झाले ते जुन्या कागदांवरून मोजा, आकडा पाहून दचकाल.

अँटिबायोटिक कपाटात नको. विषाणूवर ते चालत नाही. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे जंतू झाले हा समज इतका पक्का आहे की मी तो खोडून काढायचा थकलो, पण पुन्हा सांगतो: दम्यात पिवळेपणा पांढऱ्या पेशींचाच असतो. ताप चढलेला राहतो, एका बाजूला छातीत दुखतं, एक्स-रेत न्यूमोनिया दिसतो, तेव्हा अँटिबायोटिकचा विचार. याउलट ताप जोरात, अंग मोडून आलंय, घरात किंवा शेजारी फ्लू आहे, तर पहिल्या ४८ तासांत ओसेल्टामिविर या फ्लूच्या औषधाबद्दल विचारा. तिथे उशीर महागात पडतो, कारण इन्फ्लुएन्झा ऱ्हायनोव्हायरससारखा नुसता चिडवून थांबत नाही, अस्तर सोलून काढतो.

सर्दीच्या गोळ्यांचंही जपून. ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे काही दमेकऱ्यांत तासा-दोन तासांत जीवघेणा अटॅक आणू शकतात. नाकात मांसाचे कोंब असतील, वास येत नसेल, तर जास्तच सावध. गरम पाण्याची वाफ नाकाला आराम देते, छातीतल्या दम्याला नाही. आणि लहान पोर घरात फिरत असताना उकळत्या पाण्याचं भांडं खाली ठेवू नका.

आता लस. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी, आणि सर्दी पसरल्यावर नाही, आधी. पुण्यात फ्लूचा मोठा जोर जुलै ते सप्टेंबर, लहानसा पुन्हा थंडीत. त्यामुळे एप्रिल-मे हा योग्य काळ, लस अंगी लागायला दोन आठवडे जातात. दंडात टोचायची निष्क्रिय लसच घ्यायची. नाकात फवारायची जिवंत लस सिव्हिअर दम्यात टाळतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयासमोर स्वॅबसाठी रांगा लागल्या. नमुने इथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले जात होते. पुढच्याच वर्षी नाकातली लसही पुण्यातच तयार झाली, तेव्हा कित्येक दमेकरी तीच मागत यायचे आणि मी नाही म्हणायचो. त्या साथीत जगभर रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या जुन्या आजारांत दमा वरच्या क्रमांकावर होता. लस सासूबाईंनी घ्याच, पण नातवालाही द्या आणि तुम्ही दोघंही घ्या. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरच्या लसीबद्दलही विचारा.

कोविडनं एक गोष्ट उलटी शिकवली. २०२० मध्ये माझे दमेकरी घाबरून अर्धमेले झाले होते, आणि त्याच वर्षी त्यांचे अटॅक सगळ्यात कमी झाले. मास्क, हात धुणं, शाळा बंद, रस्त्यावर धूर नाही. पंपही नेमानं घेतले गेले, भीतीनं का होईना. सौम्य, आटोक्यातल्या दम्यानं कोविडचा धोका फारसा वाढला नाही. ज्यांना नुकत्याच स्टिरॉइडच्या गोळ्या लागल्या होत्या अशा सिव्हिअर दमेकऱ्यांचा मात्र वाढला.

आणि ते इंजेक्शन. प्रतिकारशक्ती जाईल ही भीती चुकीच्या औषधाबद्दल आहे. संसर्गाचा धोका वाढवतात त्या वारंवारच्या स्टिरॉइडच्या गोळ्या, आणि त्याच कमी करायला ही इंजेक्शनं असतात. ओमॅलिझुमॅब आयजीईला धरून ठेवतं, मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब इओसिनोफिलच्या वाटेला जातात, ड्युपिलुमॅब त्या सुजेचे आयएल-४ आणि आयएल-१३ हे दोन निरोप अडवतं. ओमॅलिझुमॅबची गंमत अशी की आयजीईचा जोर इंटरफेरॉनची हाक दाबतो. तो जोर उतरवला की हाक सुधारते. अमेरिकेत ॲलर्जीच्या दम्याच्या मुलांना शाळा उघडण्याआधी ते सुरू केलं, तेव्हा काही मुलांचे शाळेच्या हंगामातले अटॅक कमी झाले. म्हणजे प्रतिकार कमी होण्याऐवजी विषाणूशी लढायचा हात मोकळा झाला. कुठलं लागू पडेल ते रक्ताच्या तपासण्यांवरून ठरतं, उगाच ‘सगळ्यात महाग ते चांगलं’ नाही. सुरू करण्याआधी जंतांचं औषध घ्यायचं का ते विचारा, कारण इओसिनोफिल आणि आयजीई जंतांविरुद्धही कामाला येतात. खर्च मोठा आहे हे मी नाकारणार नाही. पण वर्षाला दोन ॲडमिशन होत असतील तर दोन्ही बिलं शेजारी ठेवून मग ठरवा. चारसहा महिने देऊन फरक नसेल तर थांबवायचं, हेही आधीच ठरवून घ्या.

कागदाच्या तळाशी लाल शाईनं हे लिहा: एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, श्वास मिनिटाला तीसच्या वर, नाडी १२० च्या वर, बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९२ च्या खाली, पीक फ्लो निम्म्यावर किंवा त्याखाली, ओठ काळसर, झापड. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरनं आरामाचा पंप देत राहायचं. अटॅकच्या सुरुवातीला ऑक्सिजनचा आकडा ९६ असूनही माणूस दमलेला असतो, तेव्हा आकड्यापेक्षा सासूबाईंचा चेहरा बघा. आणि घरघर अचानक थांबली पण धाप तशीच आहे, तर ते बरं वाटणं नव्हे.

नातवाचं म्हणाल तर त्याला साताऱ्याला नाही, नाक गळायला लागलं की दहा दिवसांसाठी आईबापांच्या खोलीत झोपवा. शाळेतून आल्यावर आजीच्या मांडीवर बसण्याआधी साबणानं हात-तोंड धुवायचं, एवढा नियम पाच वर्षांचं मूल पाळतं. नाक गळत असेल त्या दिवसांत दोघांनाही मास्क, पेला-चमचा-टॉवेल वेगळा. गोष्टी सांगायला हरकत नाही, खिडकी उघडी ठेवून. आणि यंदा पहिल्यांदा त्याचं नाक गळेल त्या संध्याकाळी आजीचा पीक फ्लो मोजायचं काम त्यालाच द्या. माझ्या एका पेशंटकडे हे काम सहा वर्षांची नात करते. आकडा कमी आला की ती आजीला रागावते, आणि आजी माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतात.